फाट्यावरची पाटी

जुलै सरत आला तरी डोंगरावरच्या मेसोरी गावात सेवास्तीच्या खानावळीतल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. बंदरावर बोटी भरभरून माणसं उतरत होती, भाड्याच्या गाड्या घेऊन डोंगर चढत होती आणि फाट्यावरून खालच्या पेर्दिका गावाकडे वळत होती. ग्रीसमधल्या कार्पाथोस बेटावर बघण्यासारखी गावं कोणती, असं विचारलं की आजवर लोक आधी मेसोरीचं नाव घ्यायचे. मग यंदाच काय झालं?

वाट चुकून वर आलेल्या एका जोडप्यानं सांगितलं, फाट्यावरची मेसोरीची पाटी खालच्या रस्त्याकडे वळली आहे. सेवास्तीनं जाऊन ती सरळ केली, नट घट्ट आवळले. दोनच दिवसांत पाटी पुन्हा फिरलेली.

पेर्दिकात निकितासची खानावळ तुडुंब भरत होती. सेवास्ती तडक त्याच्या भटारखान्यात शिरली.

"पाना कुठं लपवलायस रे?"

निकितास कांदा परतत होता. त्यानं मानही वर केली नाही. "तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणून माझ्या कढईत डोकावू नकोस, बाई. पाना तुझ्या गावातच शोध."

तो हसला, तसा तिचा संशय आणखी बळावला. मग तिला पाववाल्यावरही संशय येऊ लागला, पाद्रीबाबांवरही.

एका दुपारी गाव झोपलेलं असताना ती फाट्याजवळच्या छोट्या देवळाच्या सावलीत दबा धरून बसली. पावलं वाजली ती वरच्या बाजूनं. तिचे सासरे, म्हातारे मिनास, काठी टेकत आले. त्यांनी खिशातून पाना काढला आणि निवांतपणे पाटी फिरवली.

"मामंजी!"

ते दचकले नाहीत. "उन्हात कशाला बसलीस?" म्हणाले.

मग तिथंच बसून त्यांनी सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. जुना भरजरी पोशाख घालून त्या दारात बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत. पाहुण्यांना ती गंमत वाटे. पोरं शेजारी बसवून ते फोटो काढत.

"एकीनं फोटोसाठी तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला," मिनास म्हणाले. "आणि ही हसली गं. तिला वाटलं, बहीणच आली."

सेवास्ती तेव्हा आत स्वयंपाकात होती. त्या दिवशी गर्दी खूप होती, एवढंच तिला आठवत होतं.

तिनं पाना त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाटी सरळ केली. त्यांनी अडवलं नाही. पाहुणे सासूबाईंच्या दारापर्यंत पोचू नयेत म्हणून त्याच आठवड्यात तिनं त्यांच्या घराच्या बोळाला लाकडी फाटक बसवून घेतलं. हळूहळू खानावळ भरू लागली. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. पाटी निकितासनंच फिरवली, असं गाव बोलत राहिलं आणि तिनं बोलू दिलं.

पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या जत्रेत निकितास समोर येऊन बसला.

"सापडला का पाटी फिरवणारा? गाव तर अजून माझंच नाव घेतंय."

"वारा असेल," सेवास्ती म्हणाली. "आपल्याकडचा वारा तुला माहीतच आहे."

निकितासनं तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी मान खाली घालून जेवणाऱ्या मिनासकडे. मग त्यानं स्वतःचा पेला भरला, मिनासचाही भरला, आणि तिचा तेवढा रिकामा ठेवला.