एकहार्टला करू दे

एकहार्ट श्पेट याने त्या सोमवारी सकाळच्या कॉफीपूर्वीच बरेचसे काम उरकले. तेलाच्या पिंपांची मागणी मंजूर केली, गोदामातल्या सरकत्या पट्ट्याची दुरुस्ती मार्गी लावली, आणि तीन नंबरच्या दाबयंत्राची सुरक्षा-तपासणी आणखी एकदा पुढे ढकलण्यास संमती दिली. कामात तो नेहमीच चोख होता. त्याला वारून तेव्हा दोन हिवाळे उलटले होते.

हेर्नले कारखान्यात याचे कोणाला नवल वाटत नसे. जर्मनीत नेकार नदीच्या काठी तीन पिढ्या मोटारींचे पत्र्याचे भाग घडवणाऱ्या या कारखान्याने काही वर्षांपूर्वी एक भव्य संगणकप्रणाली विकत घेतली होती. हिशेब, अहवाल, गोदाम, यंत्रे, माणसे, सारे एका छत्राखाली. ती बसवणाऱ्या सल्लागारांनी देखभालीच्या प्रत्येक मंजुरीची साखळी देखभालप्रमुखाच्या, म्हणजे एकहार्टच्या, नावाशी नेऊन बांधली. पुढे एका जानेवारीत एकहार्टने जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्याबसल्याच मान टाकली. पगाराच्या विभागात तो दुसऱ्याच दिवशी मेला. तिथे प्रणालीने क्षणाचीही दिरंगाई केली नाही. मंजुरीच्या विभागात मात्र त्याचे मरण कारखान्याला परवडणारे नव्हते. साखळी सोडवून नव्याने बांधायची तर सल्लागार पुन्हा बोलवावे लागणार, आणि देखभालप्रमुखाची जागा भरायचीच नाही असे वर ठरलेले. तेव्हा ‘तात्पुरते’ म्हणून त्याचे खाते उघडे राहिले, त्याचा परवलीचा शब्द दुसऱ्या मजल्यावर ज्याला त्याला ठाऊक झाला, आणि वहिवाट पडली.

वहिवाट दुष्टपणाने सुरू होत नाही. ती सोयीने सुरू होते. दुष्टपणा मागाहून भाड्याने राहायला येतो, आणि मग घर त्याचेच होते.

“हे कोण मंजूर करणार?”

“एकहार्टला करू दे.”

एवढे म्हटले की झाले. कुणाला वर विचारायला जायला नको, कुणाचे नाव कशाखाली यायला नको. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच हे शिकवले जाई, कॉफीचे यंत्र कसे चालवायचे ते शिकवावे तसे. नाताळच्या मेजवानीत तर कुणीतरी त्याच्या नावाने पेला उंचावला होता: “आपल्या सर्वांत कामसू सहकाऱ्याला! कधी आजारी नाही, कधी रजा नाही!” सगळे हसले. त्याची बायको त्याच टेबलावर बसली होती. तीही थोडी हसली.

इर्मट्राउट श्पेट तिसऱ्या मजल्यावर अहवाल विभागात होती. तिमाहीचा हिशेब मिटला की कारखान्याच्या कामकाजाचा अहवाल तिच्या हातून बाहेर पडे, आणि त्यासाठी तिला सगळ्या मंजुऱ्या डोळ्यांखालून घालाव्या लागत. ओळीमागून ओळ: ए. श्पेट, ए. श्पेट, ए. श्पेट. ज्याचे खाते त्या घटकेला उघडे असेल त्याच्या नावाशेजारी प्रणाली एक हिरवा ठिपका दाखवी. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा इर्मट्राउटने ती ओळ झटकन मिटली. दुसऱ्यांदा ती तो विझेपर्यंत पाहत राहिली. पुढे पुढे तिला त्याची सवय झाली, आणि सवयीहून वाईट असे काहीतरी झाले. दुपारच्या वेळी, अहवालाचे काम नसतानाही, ती ती ओळ उघडून बसू लागली. ठिपका हिरवा असला की वाटे, कामावर आहे. करडा झाला की वाटे, निघाला असेल. स्टेशनजवळच्या बेकरीत पाव घ्यायला थांबेल. घरी दोन ताटल्या मांडण्याइतकी ती खुळी नव्हती. पण कारखान्यात, जिथे सगळेच शहाणे होते, तिथे तिचा नवरा रोज येत होता.

एकदा संगणक विभागातला एक भिडस्त तंत्रज्ञ तिला जिन्यात भेटला होता. “श्पेटबाई, तुमच्या मिस्टरांचं खातं... खरं तर बंद करायला हवं. वरचे रेंचलरसाहेब नको म्हणतात, पण तुम्ही लेखी मागणी केली तर मला ते बंद करावंच लागेल.”

इर्मट्राउट कठडा धरून पुढची पायरी चढली. मग म्हणाली, “राहू दे.”

तीन नंबरच्या दाबयंत्रापुढे प्रकाशाचा एक अदृश्य पडदा असतो. माणसाचा हात तो ओलांडून आत गेला की यंत्र जागच्या जागी थांबते. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहायला यंत्र अर्धा दिवस बंद ठेवावे लागते. एरवी तपासणीची तारीख आली की प्रणालीच यंत्र अडवते, आणि देखभालप्रमुखाने तारीख पुढे ढकलली तरच ते चालू देते. त्या सोमवारनंतरच्या आठवड्यात त्या यंत्रावरचा कामगार नेव्झात सारीगुल अडकलेला पत्रा सोडवायला आत वाकला. पडदा केव्हाच निकामी झाला होता. यंत्र थांबले नाही.

एवढ्यावर थांबतो. वर्णनाची हौस असणाऱ्यांनी मृत्यूच्या दाखल्यात वाचावे.

नेव्झात आणि एकहार्ट यांचे गावाबाहेरच्या बागांमधले वाफे शेजारी शेजारी होते. एकाचे काळे वांगे आणि दुसऱ्याचा नवलकोल यांवरून त्यांची वर्षानुवर्षे थट्टा चाले. दफनविधीनंतरच्या शनिवारी इर्मट्राउट आपल्या वाफ्यातले गवत उपटत होती, तेव्हा कुंपणापलीकडे नेव्झातची बायको गुल्तेन येऊन उभी राहिली. तिने ना हात मिळवला, ना बसायला जागा शोधली.

“कारखान्यातून माणूस आला होता,” ती म्हणाली. “चांगला बोलला. फुलं घेऊन आला. म्हणाला, चूक झाली ती देखभालप्रमुखाची. त्यानंच तपासणी पुढे ढकलली, कागदोपत्री सगळं आहे. मी विचारलं, नाव काय त्याचं?”

इर्मट्राउटच्या हातातले गवत हातातच राहिले.

“म्हणे, एकहार्ट श्पेट.” गुल्तेन हसली, ते हसू पाहवत नव्हते. “मी म्हटलं, अहो, त्याच्या दफनाला मी स्वतः शिरा करून नेला होता. तर म्हणतो, प्रणालीत तसंच दिसतंय. इर्मट्राउट, तू त्या प्रणालीत काम करतेस ना? मग मला नीट सांग. तुझ्या मेलेल्या नवऱ्यानं माझ्या जित्या नवऱ्याला कसं मारलं?”

“गुल्तेन, तो नव्हता...”

“ते मला माहितीय गं. मला एवढंच सांग, तुला माहीत होतं का?”

इर्मट्राउटने मान हलवली. होकारार्थी. गुल्तेन कुंपणातल्या फाटकाला कडी घालून निघून गेली. ती कडी त्या दोन वाफ्यांमध्ये आजवर कुणी कधी घातली नव्हती.

सोमवारी कामकाजप्रमुख फोल्कर रेंचलर यांनी इर्मट्राउटला बोलावून घेतले. साहेब दिलखुलास होते. वाईट बातमीही ते खुर्ची पुढे सरकवून देत.

“बसा, श्पेटबाई. कॉफी? हे बघा, अपघाताचा अहवाल तिमाहीच्या अहवालाला जोडून जायचाय. गुरुवारी अपघात-विमा संस्थेच्या तपासनीस येतायत, त्यांच्यासमोरच मार्गी लावू. तुमच्या सहीशिवाय तो सुटत नाही, म्हणून आधी कानावर घालतो. त्यात एकहार्टचं नाव येणार.”

“एकहार्ट दोन वर्षांपूर्वी गेला, साहेब.”

“तेच तर!” रेंचलरांनी हात पसरले. “मेलेल्या माणसाला कुणी तुरुंगात टाकत नाही. कुणाचंच नुकसान नाही. उद्या खालच्या एखाद्या पोरीचं नाव आलं, तर तिचं आयुष्य बरबाद. तुम्हाला हवंय ते?”

“आणि एकहार्टचं नाव?”

“अहो, तो असता तर स्वतःच म्हणाला असता, घाल माझ्यावर. तसाच होता तो.”

हे खरे होते, आणि म्हणूनच ते सहन होण्यासारखे नव्हते.

रोममध्ये एके काळी एका मेलेल्या धर्मगुरूचे प्रेत उकरून, वस्त्रे चढवून त्याला न्यायासनापुढे बसवण्यात आले होते. त्याच्या वतीने उत्तरे द्यायला एक माणूसही नेमला होता. प्रेत दोषी ठरले. त्या युगाला आपण रानटी म्हणतो. पण त्या रानटी युगाने निदान प्रेत सभेत आणून बसवले होते, सर्वांना दिसेल असे, वास येईल असे. प्रेताकडून सह्या करून घेण्याची कल्पना त्याला सुचली नव्हती.

गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत तपासनीसबाई क्योप्के, रेंचलर आणि इर्मट्राउट एवढेच होते. भिंतीवरच्या पडद्यावर अहवाल झळकत होता. तळाशी दोन रकाने: पहिला देखभालप्रमुखाच्या मंजुरीचा, दुसरा इर्मट्राउटच्या सहीचा. पहिला भरल्याशिवाय दुसरा उघडत नसे, आणि अहवाल तयार करणाऱ्यांनी ती मांडणी बदललेली नव्हती. ज्याच्या चुकीचा अहवाल, त्याचीच आधी मंजुरी हवी. ही चूक फक्त अशाच माणसांच्या हातून होते, जी कशाखाली काय लिहिले आहे हे वाचायचे कधीच सोडून बसलेली असतात.

रेंचलरांनी टेबलाखाली भ्रमणध्वनीवर काहीतरी टाइप केले. क्षणभरात पडद्यावर ए. श्पेट या नावाशेजारी हिरवा ठिपका पेटला.

इर्मट्राउट त्याच्याकडे पाहत राहिली. किती दुपारी तिने याची वाट पाहिली होती! आणि आज प्रथमच तिला तो ठिपका जसा होता तसा दिसला: तो नवऱ्याचा श्वास नव्हता, दुसऱ्याच कुणाचे तरी बोट होते. ज्या बोटाने नेव्झातला आत वाकू दिले, तेच.

ती उठली.

“क्योप्केबाई, तुम्हाला देखभालप्रमुखांना काही विचारायचं असेल ना?”

तपासनीसबाईंनी कागद चाळला. “ते तर वारलेत असं इथे...”

“आत्ताच आलाय कामावर. तो बघा, हिरवा. खालच्या मजल्यावर बसलाय. चला, भेटवते.”

“श्पेटबाई,” रेंचलर हळूच म्हणाले, “बसा. तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो.”

“माझी मनःस्थिती दोन वर्षं सगळ्यांच्या सोयीची होती, साहेब. माझ्याही.”

ती जिना उतरू लागली. मागे तपासनीसबाईंच्या टाचा वाजत होत्या. जिन्याच्या त्या वळणावर, जिथे तिने ‘राहू दे’ म्हटले होते, ती थांबली नाही. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एकहार्टची खुर्ची होती, तीच, उजव्या हाताला झिजलेली. तिच्यात खरेदी विभागातली आन्नेग्रेट बसली होती. शांत, सज्जन, दर वाढदिवसाला स्वतःच्या हाताने सफरचंदाचा केक करून आणणारी बाई. तिचे बोट अजून माऊसवर होते. पडद्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी डकवलेली होती, आणि तिच्यावर परवलीचा शब्द: ट्राउडल, पुढे एक आकडा. जुने आकडे खोडून नवे लिहिलेले, कारण प्रणाली दर तिमाहीस शब्द बदलायला लावी.

ट्राउडल. या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारी, तीही दार लावून घेतल्यावर. दोन वर्षे हा सारा मजला ती हाक रोज बोटांनी मारत होता.

“हा माझा नवरा,” इर्मट्राउट तपासनीसबाईंना म्हणाली. “विचारा.”

आन्नेग्रेटने माऊसवरचे बोट झटकन उचलले. “मी नाही... म्हणजे मी एकटीच नाही. सगळेच करतात. सगळे म्हणतात, एकहार्टला...” मग ती रडू लागली. मजल्यावर कुणी मान वर केली नाही. सगळे आपापल्या पडद्याकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत होते.

इर्मट्राउटने तिच्या खांद्यावरून वाकून हाताला लागला तो कागद ओढला आणि खाते बंद करण्याची मागणी आपल्या हाताने लिहिली, आपल्या पूर्ण नावाने. शेवटी एक ओळ जोडली: हे मी पूर्वीच करायला हवे होते, आणि मला तसे सुचवण्यात आले होते. ती ओळ चौकशीत तिच्याविरुद्धही वापरली जाईल, असे मागोमाग आलेल्या रेंचलरांनी तिला कळकळीने सांगितले. ती म्हणाली, “वापरू दे. माझं नाव जिवंत माणसाचं आहे.”

दुपारी ठिपका करडा झाला, आणि त्यानंतर नावही गेले. इर्मट्राउट त्या दिवशी दुसऱ्यांदा विधवा झाली. या वेळी सांत्वनाला कुणी आले नाही.

चौकशी अजून चालू आहे. रेंचलरांची बदली दुसऱ्या शाखेत झाली आहे, बढतीवर. गुल्तेनने कुंपणाची कडी काढलेली नाही. पण सुनावणीच्या दिवशी ती इर्मट्राउटच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

आणि तीन नंबरचे दाबयंत्र बंद आहे. पडदा बदलून झाला, तपासणी झाली. आता फक्त रिकाम्या रकान्यात कुणीतरी आपले नाव घालायचे आहे. दर सोमवारी इर्मट्राउट दुसऱ्या मजल्यावर जाते आणि मोठ्याने विचारते, “कोण घालणार?” माणसे रकान्याखालचा जबाबदारीचा मजकूर वाचतात, अखेर एकदा वाचतात, आणि खुर्चीत चुळबुळतात. ती उत्तराची वाट पाहते. मग पुढच्या सोमवारी पुन्हा येते.

वाचकहो, आपल्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, कधी रजा न घेणारा. त्याच्या नावाशेजारी दिवा पेटेल तेव्हा एकदा उठून जाऊन पाहा, खुर्चीत कोण बसले आहे. खुर्ची ओळखीची वाटली, तर ती आपलीच असेल.