उणे पंधरा

दोघं नवरा-बायको एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर कामाला होते. डोंगरमाथ्यावरच्या दुर्बिणीला जोडायचं ते यंत्र. भिंगं बसवायच्या धातूच्या चौकटी त्याने आखल्या होत्या. सगळं जुळवल्यावर ताऱ्याचा ठिपका किती बारीक पडेल, हे कॉम्प्युटरवर पाहायचं काम तिचं.

खोलीच्या तापमानाला ठिपका टाचणीच्या टोकासारखा दिसायचा. एके दिवशी तिने तापमानाच्या रकान्यात वरच्या हिवाळ्यातलं उणे पंधरा टाकलं, आणि तो शाईच्या डागासारखा पसरला. थंडीत आकसणारी चौकट भिंगाचा गळा आवळत होती.

घरी भांडी विसळताना तिने विषय काढला. तो हसला. "तुझ्या सॉफ्टवेअरला हुडहुडी भरली असेल. स्वेटर घाल त्याला."

"थट्टा सोड रे. चौकट बदलावी लागेल."

"ऑर्डर गेलीय. पुन्हा हा विषय नको."

तिने पुन्हा काढला. त्याने पुन्हा झटकून टाकला.

मग आढावा बैठकीत प्रमुखबाईंनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "वरच्या थंडीत काय होतं, ते पाहिलंयस?"

तो तिच्याकडे बघत होता. नजरेत दटावणी नव्हती, विनवणी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने अशी कधी केली नव्हती.

"पाहिलंय," ती म्हणाली, आणि पडद्यावर तो डाग उमटला.

"याला सांगितलं होतंस?"

"हो." शब्द तोंडातून निघून गेला.

चौकट बदलली. चौकटीचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि त्याची रवानगी खालच्या मजल्यावर, खरेदीच्या टेबलावर झाली. घरी त्याने आदळआपट केली नाही. ती परवडली असती. तो सभ्यपणे वागू लागला. एकदाच म्हणाला, "डाग दाखवलास, त्याचं काही नाही. ते 'हो' गिळता आलं असतं तुला."

ते 'हो' खरेपणाचं होतं, की थट्टेचं उट्टं काढणारं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरावरून पहिलं चित्र आलं. ठिपके टोकदार, अगदी तिच्या मॉडेलबरहुकूम. टाळ्या पडल्या, कुणी तिला मिठी मारली. ती जिना उतरून त्याच्याकडे गेली.

"चित्र आलंय. बघायला येतोस?"

"अभिनंदन," तो म्हणाला. मान वर केली नाही. "हे खोके आज मोजून संपवायचेत."

मग वरून कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती गेली.