भिजवलेल्या शेवाळाचं पाणी

मी समुद्रातल्या काळ्या शेवाळाची एक बट बोलतेय. दचकू नका, चावत नाही मी. सध्या प्रयोगशाळेतल्या इवल्याशा बाटलीत पडून असते आणि दिवसभर डुलक्या घेते.

माझं बालपण झुलण्यात गेलं. भरती आली की इकडे, ओहोटी लागली की तिकडे. पाण्यात जे विरघळलेलं असेल ते मुकाट पीत होते. त्यात आर्सेनिकही होतं म्हणे. मला मेलीला काय ठाऊक! मला सगळं खारटच लागायचं.

एका सकाळी एका बाईंनी आम्हांला खडकावरून कापलं, वाळवलं नि बरणीत भरलं. त्यांची धाकटी लेक गरोदर होती, आईकडे राहायला आली होती. आई रोज माझ्या बहिणींना भिजवायची, शिजवायची आणि ते काळसर पाणी पेलाभर लेकीला पाजायची.

"नाक मुरडू नकोस. सगळं सत्त्व यातच असतं!"

थोरली लेक इथे रसायनतज्ज्ञ. तिनं सहज म्हणून आमच्यातली मूठभर तपासायला आणली आणि माझी अर्धी बट कुटली. पहिल्याच मोजणीत आर्सेनिक भरपूर निघालं. ती चपापली, मग स्वतःलाच म्हणाली, "थांब गं. शेवाळातल्या साखरेला बांधलेलं असेल तर एवढं भ्यायला नको. मोकळं किती, ते बघू."

तिनं माझा अर्क एका बारीक नळीतून सोडला. आर्सेनिकचा एकेक प्रकार वेगळा होऊन हळूहळू बाहेर पडू लागला. मला गुंगीत वाटलं, ओहोटीच लागलीय. संगणकाच्या पडद्यावर आलेखाचा एक सुळका चढत गेला. तो मोकळ्या, विषारी आर्सेनिकचा होता. आम्हांला भिजवून काढलेल्या पाण्यातही तोच निघाला.

तिनं घाईघाईनं फोन लावला. "आई, ते पाणी बंद! शेवाळही बंद. आजच डॉक्टरांकडे जाऊ."

"अगं, माझ्या हातानं पाजलं गं मी तिला..." आई रडू लागली.

मग धाकटीचा आवाज आला. "ताई, बाळ लाथा मारतंय, ऐकतेस ना? मी येते तपासणीला. आधी आईला गप्प कर, रडून रडून पडेल आजारी."

माझा जीव तुटला हो. त्या माउलीला बोल लावू नका. विष माझ्यात होतं, तिच्या मनात नव्हतं.

बाळा, सुखरूप ये रे. मला कुणी परत पाण्यात सोडलं, तर कधी समुद्रावर येशील तेव्हा मी तुझ्या पायांना गुदगुल्या करीन. मला हातात घे, डोक्यावर ठेव, हवं तर आजीच्या अंगावर फेक. तुम्ही मुलं हाती लागेल ते तोंडात घालता, माहितीये मला. मला मात्र घालू नकोस हं.