सारजाबाईंचं घर, सहा पॉइंट आठ

निरवांगीच्या बाईला विचारा, तुझ्या म्हशीची फॅट किती? ती पॉइंटासकट सांगेल. तुझ्या अंगात रक्त किती, असं विचारलं तर पदर तोंडाला लावून हसेल. आमच्या ‘सोबत’ गटानं या हसण्यावरच काम करायचं ठरवलं.

गट म्हणजे आम्ही एकवीस जणी. अध्यक्ष सारजाबाई, लिहिणं-पुसणं माझ्याकडे. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं छोटं यंत्र आम्हाला बायकांच्याच एका संस्थेनं दिलं. तिच्या बायका कुठं आफ्रिकेत विहिरी खणतात, कुठं नेपाळात बाळंतपणं करतात, कुठं भांडणाऱ्या दोन गावांच्या मधोमध जाऊन बसतात. पगार कुणीच घेत नाही. आम्हीही घेत नाही. चहा तेवढा घेतो, आणि तोच पुढं नडला.

यंत्राबरोबर एक छापील कागद आला. पहिलाच रकाना, ‘बाईचं स्वतःचं नाव’. सारजाबाई म्हणाल्या, “नावं कशाला, माधवी? एखादीला लाज वाटायची. घराचं लिही.”

मलाही ते शहाणपणाचं वाटलं. दूध संकलन केंद्रावर फॅटचा फळा असतो. त्याच्या अर्ध्या भागात आम्ही रक्ताचे आकडे लिहिणार होतो. घरात ज्या बाईचा आकडा सगळ्यांत कमी, तोच त्या घराचा. घरानं मिळून बघावं, घरानं मिळून तिला खाऊ घालावं.

आता गावात घराला नाव कुणाचं असतं? थोरल्या बाईचं. हे एकवीस डोक्यांपैकी एकातही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी सारजाबाईंचं भाषण जोरात चाललं होतं. “बाईनं उरलंसुरलं खायाचं न्हाय! समद्यांबरोबर ताट वाढून घ्यायाचं!” त्या नादात त्यांचं स्वतःचं बोट टोचायचं राहून गेलं. पण त्यांना कशाला टोचायचं, असंच सगळ्यांना वाटलं. सारजाबाई अजून मेंढी एका काखेत उचलतात. सासऱ्यांच्या काळात दोनशे मेंढरं होती, आता आठ उरलीत आणि बाकी ऊस. जोर मात्र दोनशेंचाच राहिलाय.

रांगेच्या शेवटी त्यांची सून सृष्टी आली. सातवा महिना. नर्स स्वरूपानं तिचं बोट टोचलं, यंत्राकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

“सहा पॉइंट आठ. काकू, ही पोरगी अशीच बाळंतपणाला गेली तर माझ्या हातात काही राहायचं नाही. चार दिवसांच्या आत बारामतीच्या दवाखान्यात न्या.”

सृष्टीनं माझा हात धरला. हात गार होता. “काकू, आत्यांना सांगू नका. त्या अध्यक्ष. त्यांच्याच घरात असं निघालं तर लोक काय म्हणतील? मी सांगते दोन दिवसांत.”

“नक्की?”

“नक्की.”

“परवा सकाळपर्यंत नाही सांगितलंस तर मी सांगेन,” असं बजावून मी गप्प बसले. संध्याकाळी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘सारजाबाईंचं घर, ६.८’. लिहिताना मला काही म्हणजे काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बनाबाईंनी फळा वाचला आणि किंचाळल्या, “आगं सारजे! तुज्या म्हशीची फॅट सात पॉइंट दोन आन तुजं रगात सहा पॉइंट आठ? म्हशीपरास कमी?”

दुपारपर्यंत गल्ली लोटली. कुणी खजूर आणला, कुणी शेंगदाण्याचे लाडू. शेपू, मेथी, राजगिऱ्याच्या एवढ्या जुड्या आल्या की आठ मेंढ्यांनी दारातून मान आत घातली. बनाबाईंनी वाटीभर काळीज परतून आणलं. सारजाबाईंचे यजमान, आप्पा, तर घाबरून बायकोला खाटेवरून उठूच देईनात.

“मला काय धाड भरलीय? माजं बोटबी टोचलं न्हाय, माधवीनं दुसऱ्याच कुनाचा आकडा लिवलाय!” सारजाबाई ओरडत होत्या.

“असंच अस्तंय,” आप्पा म्हणाले. “रगात कमी झालं की मानूस चिडतंय.”

सृष्टी चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगायला निघाले, तोवर सारजाबाईच स्वरूपाला दंडाला धरून दूध केंद्रावर आल्या. हातात खजुराची पिशवी. सगळ्या बायकांसमोर बोट पुढं केलं. “टोच. समद्यांच्या म्होरं टोच.”

यंत्रावर आकडा आला, बारा पॉइंट नऊ.

“बगा!” सारजाबाई गरजल्या. “म्हनं सहा! मग ते सहा पॉइंट आठ कुनाचं, माधवी?”

त्या घरात बायका दोनच. सारजाबाईंचं बोट अजून वर होतं, ते हळूहळू खाली आलं. त्या वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. मी मागं पळाले.

सृष्टी उंबऱ्यावर बसून चहा पीत होती. सारजाबाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या.

“काल काय जेवलीस?”

“भाकरी.”

“आन?”

“चहात बुडवून.”

“कालवण?”

“संपलं होतं, आत्या.”

“गोळी घेतलीस?”

“चहाबरोबर.”

रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं ती अंगी लागत नाही, हे सारजाबाईंनीच पन्नास घरांत जाऊन सांगितलं होतं. शेवटी जेवायचं नाही, हेही. त्यांना वाटत होतं सून आपल्यामागून नीट जेवते. मागं टोपात काय उरतं ते उघडून बघितलं नव्हतं. तीस वर्षं त्या स्वतः तशाच जेवल्या होत्या, त्यांना ते दिसणार कसं?

“मला का न्हाय सांगितलंस गं?”

“तुम्ही अध्यक्ष... लोक काय म्हणतील...”

“लोकांनी म्हनलं की! खजूर घिऊन आली लोकं!” सारजाबाईंचा आवाज फाटला. त्यांनी सुनेच्या हातातला कप काढून घेतला, त्या जागी पिशवी ठेवली. मग उठल्या. “आप्पा! जीप काडा. बारामतीला जायाचंय.”

“आत्ता? आगं, माझं जेवन...”

“टोपात हाय. हातानं वाडून घ्या. न्हाय पुरलं तर चहात भाकरी बुडवा, लई ग्वाड लागती.”

आप्पा जेवले नाहीत. मुकाट्यानं किल्ली घेतली. सृष्टीचा नवरा मल्हार एमआयडीसीत पहिल्या पाळीला होता, तो तिथूनच मोटारसायकलवर दवाखान्यात आला. डॉक्टरांनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं, रक्ताची पिशवी लावली. तिन्ही दिवस डबा निरवांगीहून सारजाबाई आणायच्या. सून जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत, आणि ती म्हणायची, “आत्या, बरोबर जेवूया की,” तेव्हा दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

महिन्यानं स्वरूपानं पुन्हा सृष्टीचं बोट टोचलं. नऊ पॉइंट सहा.

मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले. या वेळी कागदातला पहिला रकाना नीट वाचला होता. “काय लिहू गं? तुझं नाव चालेल का?”

“द्या इकडं,” सृष्टी म्हणाली. सात-आठ बायका बघत असताना तिनं ‘सारजाबाईंचं घर’ पुसलं आणि ठळक लिहिलं, ‘सृष्टी, ९.६’. त्याखाली मी ‘माधवी, १०.१’ लिहिलं. माझाही आकडा काही फार शहाणपणाचा नव्हता. बनाबाई म्हणाल्या, “माजंबी लिवा, काय व्हायचंय?”

“बाळंतपणापर्यंत अकरा करते,” सृष्टी म्हणाली, “मग पुसू.”

“पुसायचं न्हाय,” सारजाबाई मागून म्हणाल्या. त्यांच्या एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यात सुनेसाठी लाडू. “रोज दूध घालाया येते मी. दिसाया पायजे मला.”