खरे आणि काल्पनिक

नर्मदाबाईंना त्या पुस्तकाचा पहिल्या पानापासून राग होता. दीडशे पानं, वर गुबगुबीत राजपुत्राचं चित्र, आणि त्या राजपुत्राची सगळ्यात मोठी अडचण काय, तर त्याला दूध आवडत नाही! फोंड्याचा घाट चढून, कोल्हापूरला पंधरा दिवसांचं शिबिर करून आलेल्या शाळातपासनीस साहेबांनी ते पुस्तक शाळांच्या गळ्यात मारलं होतं. नुसतं वाचायचं नाही, त्यावर 'वाचनकृती' घ्यायच्या. साहेबांचं काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायला कोणालाही येतात.

पण बाई तीन वर्षं हंगामी होत्या. यंदा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर मे महिन्यात घरी. म्हणून नाक मुरडत का होईना, धामापूरच्या तळ्याजवळच्या त्या एकखोली शाळेत त्यांनी चौथीला रोज एक प्रकरण वाचून दाखवलं. बोलणाऱ्या माशाचं पोरांना काडीचं नवल वाटलं नाही. पुस्तकातली तळ्यातली देवी सोन्याचे दागिने देते, हे तर त्यांना घरचंच वाटलं; धामापूरच्या तळ्याचीही तीच ख्याती. दुधाला मात्र सगळा वर्ग हसला.

"दूध नको म्हणता? येडोपिसो आसा!"

तपासणीच्या दिवशी साहेब कणकवलीहून जीपने आले, शहाळं प्यायले आणि त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखायला लावले. खरे आणि काल्पनिक. मुलांनी गोष्टीतला एकेक प्रसंग सांगायचा, बाईंनी तो योग्य रकान्यात लिहायचा.

"काल्पनिक म्हंजे मनातलां. जां घडाक नाय तां," बाईंनी पोरांना हळूच सांगितलं.

पहिली सुगंधा उठली. नऊ वर्षांची. तिचा बाप मुंबईत गिरणीत होता, दोन शिमगे गावाकडे फिरकला नव्हता.

"तळ्यातली देवी दागिने दिता, तां खरां. आमच्या पणजेक नथ दिल्यान."

साहेब मिशीत हसले. "आणि काल्पनिक काय ते सांग, बाळ."

"राजपुत्राचो बापूस रोज सांजचो घराक येता, तां."

कोणी हसलं नाही. उलट "होय, होय" करत अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. बाईंनी तसं लिहिलंही. त्यांचा स्वतःचा नवराही मुंबईलाच, परळच्या गिरणीत होता.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, एवढी सोपी कृती! वडील संध्याकाळी घरी येतात, यात काल्पनिक काय आहे? मुलांना साधं खरं-खोटं कळत नाही, असा शेरा लिहू का मी?"

काय हा शहाणा! तालुका पालथा घालतो, आणि घरोघर बापाचा रिकामा पडलेला पाट याला दिसत नाही! बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. बाईंनी फडकं घेतलं आणि देवीला काल्पनिकमध्ये धाडून 'खरे'खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : वडील रोज संध्याकाळी घरी येतात.

"उत्तम," साहेब म्हणाले, आणि 'उत्तम' हाच शेरा लिहून मोकळे झाले.

पोरं फळ्यावरचं पाटीवर उतरवू लागली. बाईंनी लिहिलेलं खोटं कसं असेल? सुगंधाची पेन्सिल मध्येच थांबली. तिचा चेहरा उजळला.

"बाई, मगे आज माझो बापूस येतलो?"

साहेबापासून देवापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात उलट उत्तर देणाऱ्या नर्मदाबाईंना पोरीकडे बघवेना.

"फळ्यावर बघून लिही गो," त्या म्हणाल्या.