सहा सिलिंडरचा आवाज

आन्सगारच्या गावात जो तो एकाच कंपनीच्या गाडीतून फिरतो. कारण निम्मं गाव त्या कंपनीत कामाला, आणि कंपनीच्या माणसाला दरवर्षी कोरी गाडी सवलतीत मिळते. वर्षभर मिरवायची, विकून टाकायची, दुसरी मागवायची. त्यामुळे नुसत्या गाडीवरून कोण किती पाण्यात आहे ते कळत नाही. ते कळतं डिकीवरच्या आकड्यावरून, कारण तो आकडा इंजिनाचा. रस्त्यात भेटलेला माणूस हसून हात हलवतो, पण त्याआधी त्याची नजर डिकीवर जाऊन आलेली असते.

म्हणूनच तिथे एक सोय आहे. गाडी मागवतानाच सांगायचं, आकडा लावू नका. मग कोरी डिकी बघून गाव तर्क लढवतं. एक तर याच्याकडे सगळ्यात मोठं इंजिन आहे आणि हा साधेपणाचा आव आणतोय, नाहीतर सगळ्यात लहान आहे आणि हा झाकतोय.

आन्सगार झाकत होता.

तो गाड्यांचं रूप रेखाटणाऱ्या खात्यातला. यंदाच्या स्पोर्ट सेडानची मागची बाजू त्याचीच: रुंद, जमिनीलगत बसलेली, आणि खाली धूर सोडायला चार चकचकीत तोंडं. ही तोंडं निव्वळ दिखाऊ. खरा पाइप आत कुठेतरी मान खाली घालून बसलेला. स्वतःसाठी गाडी मागवायची वेळ आली तेव्हा एकच काहीतरी परवडत होतं, नट्टापट्टा किंवा इंजिन. लाल चामड्याच्या सीटा, मोठी चाकं, पुढे काळी जाळी हवी तर चार सिलिंडर. सहा सिलिंडर हवे तर कापडी सीटा आणि गरीब चाकं. आपलंच पोर उघडंवाघडं कसं फिरवायचं? त्याने नटवलं. आवाजाची उणीव भरून काढायला कंपनीचीच युक्ती होती. स्पोर्टचं बटण दाबलं की मागे लपवलेला स्पीकर असा काही गुरगुरायचा की शेजारच्या खिडक्या उघडाव्यात.

यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. निम्मं गाव हेच करत होतं. पण निम्म्या गावाला डॉक्टर लोटार श्टाइमले सासरे नव्हते.

श्टाइमले म्हणजे इंजिन खात्याचे निवृत्त प्रमुख. विद्वान माणूस, आणि तोंडाला कुलूप नाही. रूप रेखाटणारे सगळे त्यांच्या लेखी रंगारी. आन्सगारला त्यांनी लग्नापासून नावाने हाक मारली नव्हती. "या, जावईबापू! आज कुठल्या डब्याला रंग दिलात?" हे त्यांचं स्वागत. पण कान म्हणजे कान. स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता सांगायचे, पोस्टमनच्या गाडीचा तिसरा सिलिंडर खोकतोय, आणि तो खरंच खोकत असायचा. दर शरद ऋतूत इंजिन खात्याच्या जुन्या मंडळींचा मेळावा भरे. तिथे फाटकापाशी खुर्ची टाकून, डोळ्यांवर पट्टी बांधून ते बसत. एकेक गाडी समोरून जाई आणि ते सिलिंडर सांगत. मग बॉनेट उघडून दाखवायचं, की टाळ्या. ती खुर्ची म्हणजे म्हाताऱ्याचं सिंहासन होतं.

नवी गाडी घेऊन आन्सगार आणि त्याची बायको सिबिले रविवारी कॉफीला गेले. म्हातारा पायरीवरच उभा होता. सासूबाई ट्राउडे मागे केक कापत होत्या. कुंपणापलीकडून शेजारी ब्युर्क डोकावला. मेळाव्याची सगळी व्यवस्था हाच बघायचा. आन्सगारने स्पोर्टचं बटण दाबूनच गाडी आत घेतली होती.

"चार," म्हातारा म्हणाला. "चार सिलिंडर. आणि खाली कोण घोरतंय ते?"

ब्युर्क फिसकन हसला.

आन्सगारला वाटलं, संपलं. आता हे दिवाळीपर्यंत पुरणार, असं आपण म्हणतो, तसं त्याला नाताळापर्यंतचं सगळं दिसलं. प्रत्येक रविवार, प्रत्येक केक, ब्युर्कसमोर, मित्रांसमोर. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सहा आहेत, पापा."

"काय?"

"सहा सिलिंडर."

"पुन्हा चालू कर."

त्याने केली. म्हातारा वाकला, डोळे मिटले, कान पुढे केला. बराच वेळ तसाच राहिला. बॉनेट उघड म्हणाला असता तर तिथेच निकाल लागला असता. पण बॉनेट उघडून बघणं हे कान नसलेल्यांचं काम, असं तो उभा जन्म सांगत आला होता.

"सहा," तो हळूच म्हणाला. "बरं. छान आहे."

आणि आत गेला. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. आन्सगारने केकचे दोन तुकडे खाल्ले. आपण जिंकलो, असं त्याला घरी पोचेपर्यंत खरोखर वाटत होतं.

गाडीत सिबिले म्हणाली, "तू बापाला खोटं सांगितलंस."

"गंमत केली गं. पुढच्या रविवारी सांगतो."

पुढच्या रविवारी म्हाताऱ्याच्या कानात यंत्र होतं. ट्राउडेबाई वर्षभर मागे लागल्या होत्या तेव्हा ज्याने "मी काय बहिरा आहे?" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. म्हाताऱ्याने त्यातलं फक्त 'वय' ऐकलं.

"आन्सगार," तो म्हणाला, "बस रे. तुझी गाडी कशी चालते?"

आन्सगार! लग्नानंतर पहिल्यांदा. आन्सगारच्या ओठांवर सगळं आलेलं होतं, पण त्या हाकेने त्याचं तोंडच बंद झालं. गोड वाटलं, हेही खरं, आणि गोड वाटल्याची जास्त लाज वाटली. त्यानंतर दर खेपेला असंच होई. म्हातारा त्याच्यासाठी खुर्ची ओढी, त्याचं मत विचारी, बोलणं अर्ध्यावर सोडून "बरोबर ना रे?" म्हणून त्याच्याकडे बघे. रेडिओवरची बातमीसुद्धा ट्राउडेबाईंकडून पक्की करून घेई. या माणसाला असं आपणच केलंय, हे आन्सगारला दिसत होतं, आणि तो केक गिळत बसायचा.

"कधी सांगणार?" सिबिले विचारी.

"मेळाव्याच्या आधी. नक्की."

"त्यांनी ब्युर्ककाकांना कळवलंय, यंदा खुर्चीवर बसणार नाही म्हणून."

सिबिलेने त्या दिवसापासून विचारणं सोडलं.

ब्युर्कने हातापाया पडून म्हाताऱ्याला शेवटी राजी केलं, पण एका अटीवर. मेळाव्याच्या सकाळी पट्टी बांधून घेताना म्हाताऱ्याने आन्सगारला जवळ बोलावलं.

"माझ्या शेजारी उभा राहा. चुकलो तर खांदा दाब. चारचौघांत हसं नको. तुझा कान तरुण आहे."

आन्सगारने खांद्यावर हात ठेवला. कोटाखाली हाडं लागत होती. पलीकडे कांद्याचा खारा केक आणि नवी वाइन घेऊन मंडळी दाटीने उभी होती, आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

गाड्या जाऊ लागल्या. "सहा... ना रे?" "आठ वाटतंय. आठच ना?" उत्तरं सगळी बरोबर येत होती, पण प्रत्येक उत्तराला शेपटी. पूर्वी म्हातारा ही उत्तरं फेकायचा. लोकांत कुजबुज सुरू झाली.

मग फाटकातून आन्सगारची गाडी आत आली. स्टिअरिंगवर सिबिले. बटण दाबलेलं, स्पीकर गुरगुरतोय. तिने बापाकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं.

त्याला एका क्षणात कळलं, ही काय करतेय ते. म्हातारा म्हणणार चार, बॉनेट उघडणार, आत चार. म्हाताऱ्याचा कान खरा ठरणार, आणि त्याच्या जावयाची अब्रू सगळ्यांसमोर जाणार. जाऊ दे, आन्सगारला वाटलं. सुटू दे एकदाचं. त्याने खांद्यावरचा हात अगदी सैल केला.

म्हाताऱ्याने मान कलती केली. ओठांनी 'चार'चा आकार घेतलेला आन्सगारने पाहिला. पण आवाज फुटला नाही. मग म्हातारा समजूतदारपणे हसला.

"मंडळी, इथे माझे कान मला फसवतात. मला चार ऐकू येतात. पण हुबेहूब असाच आवाज माझ्या जावयाच्या गाडीचा आहे, आणि ती सहाची आहे. त्याने मला सांगितलंय." आणि छाती काढून, जुन्या थाटात, "सहा!"

आन्सगारला खांदा दाबायचं सुचायच्या आत ब्युर्कने बॉनेट उघडलं.

"चार!"

आधी एक जण हसला, मग सगळेच. वाईट मनाने नव्हे, पण हसले. "डॉक्टरसाहेब, खुर्ची रिकामी करा आता!" कुणीतरी ओरडलं. म्हाताऱ्याने चाचपडत पट्टी काढली. गाडी बघितली, लेक बघितली, उघडं बॉनेट बघितलं. मग वर, आन्सगारकडे.

"चारच आहेत, पापा," आन्सगार म्हणाला. आवाज चिरका आला म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना. "पहिल्या दिवशी हे चार म्हणाले होते. ते बरोबर होतं. मी खोटं बोललो."

हसणं थांबलं. आन्सगार वाट बघत उभा राहिला. शिव्या याव्यात, थोबाडीत बसावी, आयुष्यभर पुरेल असा टोमणा यावा. तो सगळ्याला तयार होता.

म्हातारा उठला.

"म्हणजे तेव्हा मला बरोबर ऐकू आलं होतं?"

"हो."

"आणि आत्ता?"

"आत्ताही. पापा, मी..."

पण म्हातारा ऐकतच नव्हता. त्याने आन्सगारचे दोन्ही हात गच्च धरले. डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं आणि तोंडभर हसू.

"ट्राउडे! ए ट्राउडे! ऐकलंस का? चारच होते!" मग आन्सगारकडे वळून, "बरं केलंस सांगितलंस. उपकार झाले रे पोरा. फार उपकार झाले."

सगळं गाव बघत होतं. आन्सगारला हात सोडवून घ्यायचे होते, पण म्हातारा सोडेना.