किल्लेकोटाचे तीस गुण

मुंबईहून गोरक्षनाथचं पत्र आलं, तेव्हा आप्पांना जाऊन महिना झाला होता. तिथल्या एका संस्थेत तो कॉम्प्युटरला बुद्धिबळ शिकवत होता आणि त्याच्या खेळ्या पोस्टकार्डावर लिहून संगमनेरला आप्पांकडे धाडत होता.

"ताई, यंत्र किल्लेकोटाची, म्हणजे राजाला हत्तीआड कोपऱ्यात नेण्याची, फार घाई करतं," त्याने लिहिलं होतं. "राजा कोपऱ्यात गेला की मी तीस गुण देतो, पुढची तिन्ही प्यादी जागेवर असली की आणखी पंधरा. पण समोर वजीर नि हत्ती टपून बसलेत, हे त्या बेरजेत येत नाही. चार खेळ्यांपलीकडचं त्याला दिसतही नाही. अशा वेळी किती गुण कापावेत, हे मी आप्पांना विचारलं होतं. ते काही बोलले होते का?"

बोलले होते.

चांगुणा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. दुष्काळात तिनेच वडिलांना, आप्पांना, पाथर्डीहून संगमनेरला आणलं होतं. इथे नळाला पाणी होतं, घर पक्कं होतं, तीन घरं सोडून डॉक्टर होते. पण आप्पा गावी परतायला दोनदा पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर गेले आणि दुसऱ्या खेपेला उन्हाने भोवळ येऊन पडले. तेव्हापासून कॉलेजला जाताना ती बाहेरून कुलूप लावू लागली.

महिन्यापूर्वीच्या त्या सकाळी पटावर यंत्राचा डाव मांडून आप्पा खुदकन हसले.

"लई शाना हाय तुझ्या भावाचा गडी! आपल्याच प्याद्यांमागं दडून बसलाय."

"मग किती गुण कापायचे, आप्पा?"

"कापतो कशाला? आदी बघ म्हनावं, राजाला निसटायला वाट हाय का. आमच्या गावच्या खेळात राजाला एकदा घोड्याची उडी तरी असती. ह्यो इंग्रजी राजा कोंडूनच मरायचा." मग तिच्या हातातल्या कुलपाकडे बघत म्हणाले, "किल्ली शेजारच्या जहिराकडं तरी ठिवत जा की."

"उद्यापासून ठेवते. आज उशीर झालाय."

दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. जहिराने हाका ऐकल्या, डॉक्टरांना बोलावून आणलं. कुलूप तोडायला वीस मिनिटं लागली. चांगुणा तेव्हा प्रयोगशाळेत मुलींकडून लंबकाचे झोके मोजून घेत होती.

'डॉक्टर लगेच आले होते,' एवढंच तिने गोरक्षनाथला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

तिने कागद पुढे ओढला. "राजाला सुटायला एकही घर नसेल, तर तीसच्या तीस काप. प्याद्यांचे पंधराही." एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं, "गोरक्ष, डॉक्टर वीस मिनिटं दाराबाहेर उभे होते. बाहेरून कुलूप होतं. ते मी लावलं होतं. आप्पांनी किल्ली जहिराकडे ठेवायला सांगितली होती."

पत्र टाकायला निघताना तिने सवयीने कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. आत कोणी नव्हतं.